फळीआडची पूंगोडी

पूंगोडीने आठ वर्षं एकच कोपरा पाहिला.

श्रीपेरुम्बुदूरच्या पुढे, हमरस्त्याला लागून मोबाइल फोनचा कारखाना होता. पट्ट्यावरून फोनचे बोर्ड एकामागून एक सरकत यायचे आणि ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून प्रत्येकाचा डावीकडचा वरचा कोपरा तपासायची. तिथे मोहरीहून बारीक असे काही भाग बसवलेले असत. एखादा तिरका बसला असेल, एखाद्याचा डाग कच्चा राहिला असेल, तर श्वास रोखून सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवायचं, उचलायचं आणि बोर्ड पुढे ढकलायचा. तो भाग करतो काय, तो नसला तर फोनचं काय होईल, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही. पट्टा थांबतच नसे, विचारणार कधी?

मग एकदा पट्टा थांबला तो कायमचाच. कारखान्याला कुलूप लागलं. तिचा नवरा एळुमलै त्याच कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होता. गावोगावच्या मुलींना तो कामावर आणायचा, पोचवायचा; त्या बसमध्येच दोघांचं जुळलं होतं. कारखान्याबरोबर बसही गेली. दोघांनी चेन्नईत चिंताद्रिपेटला एक खोली घेतली. एळुमलै पाण्याच्या टँकरवर लागला आणि पूंगोडी एका दुकानात साड्यांच्या घड्या घालू लागली. काम वाईट नव्हतं, पण तिचा जीव त्यात रमेना. रेशमाचा एखादा सुटलेला धागा दिसला की तिची बोटं चिमटा धरल्यासारखी आपोआप जवळ यायची.

रिची स्ट्रीटवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका इमारतीत टँकर रिकामा करताना एळुमलैने जिन्यात चिकटवलेला कागद वाचला. घरी येऊन म्हणाला, "अगं, तिथे बारीक सोल्डरिंग येणारं माणूस हवंय. लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. जाऊन बघ की."

"मला लॅपटॉपातलं काय कळतं? मी अजून उघडलेला नाही एकही."

"फोनमधलं तरी काय कळत होतं?"

दुसऱ्या दिवशी ती गेली.

दुकान पहिल्या मजल्यावर, बोळाच्या पार टोकाला होतं. मालक देवसहायम साठीच्या आसपासचे. मूळचे समुद्राकाठच्या तूत्तुकुडीचे. सुरुवातीला रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग मॉनिटर, आणि आता कितीतरी वर्षं लॅपटॉप. बायको वारली होती, मुलगी सासरी तूत्तुकुडीलाच दिली होती. बोलणं तुटक, आवाज खणखणीत. त्यांनी पूंगोडीला नाव-गाव विचारलं, शिक्षण विचारलं नाही. एक मेलेला बोर्ड पुढे सरकवला आणि मानेने खूण केली.

"तो बारका दिसतो ना, कडेचा? तो काढ आणि पुन्हा तिथेच बसव. शेजारच्याला धक्का लागता कामा नये."

पूंगोडीने काढला, बसवला. सहायम अण्णांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. त्यांचे दोन्ही हात सगळा वेळ टेबलाखाली, मांडीवर होते.

"उद्यापासून ये," ते म्हणाले. "बसायचं मात्र आत, फळीच्या मागे. इथे बाईमाणूस काम करताना दिसलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं."

तिला ते पटलं. जगाची रीत तिलाही ठाऊक होती.

असं सुरू झालं. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची फळी होती. तिच्या पुढे अण्णा आणि गिऱ्हाईक. मागे पूंगोडी, दिवा आणि सूक्ष्मदर्शक. गिऱ्हाईक गेलं की अण्णा आत येऊन तिच्या खांद्यामागे उभे राहत आणि सांगत, "इथे मीटर लाव. आता तिथे. वाजला? हं. म्हणजे वीज इथेच जमिनीत मुरतेय." मग काय काढायचं, काय बसवायचं ते सांगत. ती करायची. संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन म्हणे, "अण्णा, तुमच्या हाताला तोड नाही." फळीआड पूंगोडी आपला डबा उघडून लिंबूभात खात असे. तिला त्यात काही वाटत नव्हतं. कारखान्यात तरी कुणाला ठाऊक होतं, कुठल्या फोनला कुणाचा हात लागला ते?

अण्णांच्या हातांचं तिला हळूहळू उमगलं. चहावाला त्यांचा पेला नेहमी अर्धाच भरायचा. तो पेला ते दोन्ही हातांनी, टेबलावर कोपर रोवून उचलत. स्क्रू उघडायची वेळ आली की, "तूच उघड, माझा चष्मा घरी राहिला," म्हणत. चष्मा तर नाकावर असे. एकदा औषधाची पट्टी फोडताना गोळी टणकन उडून तिच्या पायाशी आली. तिने ती उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. तळहात थरथरत होता. जाळ्यात सापडलेला मासा थरथरतो तसा. त्या दिवसापासून ती गोळ्या आधीच सोडवून बशीत ठेवू लागली.

आणि त्याच सुमारास अण्णांनी तिला शिकवायला घेतलं. शिकवतो असं ते म्हणाले नाहीत. ते फक्त प्रश्न विचारायला लागले.

"हा घे. पडदा काळा आहे. काय करशील?"

"पडदा बदलीन."

"वा! ताप आला की डोकं बदलशील का? दिवा लागतो का बघ. पंखा फिरतो का ऐक. उजेडात तिरका धरून पडद्यात डोकाव, पुसटसं काही दिसतं का?"

तिने डोकावलं. खूप खोल विहिरीत दिसावं तसं काहीतरी हलत होतं.

"दिसतंय, अण्णा! अंधारात आहे, पण आहे."

"मग पडदा जिवंत आहे आणि यंत्रही. नुसता मागचा उजेड गेलाय. आता सांग, उजेड कुठून येतो?"

असे ते तिला एकेक पायरी मागे नेत. आधी माणसाला विचारायचं, कधीपासून, पडला का, काही सांडलं का. मग चार्जर बघायचा. मग बॅटरी काढून बघायचं. मग रॅमची पट्टी काढून तिचे दात खोडरबरने पुसायचे. निम्मी दुखणी तर तिथेच बरी होतात. एवढं सगळं झाल्यावर बोर्डाला हात लावायचा. पंख्यात लोकरीसारखी धूळ साचून तापाने बंद पडणारी यंत्रं होती. बिजागरी घट्ट झाल्यामुळे आतली वायर चेपलेली यंत्रं होती. एकात तर मुंग्यांनी घर केलं होतं. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, आणि प्रत्येक दुखण्याला कारण. पूंगोडीला या सगळ्याचं नवल वाटे. घरी जाऊन ती एळुमलैला सांगत बसे. तो सांबार ओतून घेत म्हणे, "कळलं, कळलं. पुढच्या खेपेला टँकर बंद पडला की तुलाच बोलावतो."

"आधी विचारीन, काय खाल्लं होतंस," ती म्हणायची.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. मग मासीच्या महिन्यात, म्हणजे माघ-फाल्गुनात, पूंगोडी भाचीचे कान टोचायला म्हणून गावी गेली.

ती गेली त्याच दिवशी सौंदरवल्ली दुकानाचा जिना चढून आल्या. सौंदरवल्ली एळुंबूरच्या कोर्टाबाहेर, कडुलिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून अर्ज-प्रतिज्ञापत्रं टाइप करून देत. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप. अण्णांनी त्यांचा टीव्हीही एके काळी दुरुस्त केला होता. बाई मनाच्या चांगल्या, पण जिभेला हाड नाही.

"सहायम, मेलाय हा. चार्जर लावला तरी डोळा उघडत नाही. आत्ताच्या आत्ता पाहिजे. वकील डोक्यावर बसलेत."

अण्णांनी दोन ठिकाणी मीटर लावला. कोपर टेबलाला टेकवून तेवढं त्यांना जमायचं. रोग त्यांना लगेच कळला. चार्जिंगच्या वाटेवरचा एक बारका कपॅसिटर आतून जळून आरपार झाला होता. तो काढला की यंत्र उठून बसणार. सोपं काम.

"परवा या," अण्णा म्हणाले.

"परवा? एवढ्याशा कामाला? पूर्वी माझा चहा पिऊन होईतो करून द्यायचात. म्हातारे झालात की काय?"

त्या सहज बोलल्या होत्या. पण अण्णांना ते नेमकं लागलं. "दुपारी या," ते म्हणाले.

फळीमागे जाऊन त्यांनी गरम हवेची गन हातात घेतली. मनगट दुसऱ्या हाताने धरलं, श्वास रोखला. पण ज्या हाताला हुकूम द्यावा तोच जास्त फितूर होत होता. गन हलली, शेजारचे चार-पाच दाणे वितळून उडाले, ते परत ठेवायला गेले तर टोक घसरलं, आणि बोर्डावरच्या केसासारख्या रेषा सोलून वर आल्या. तांबं करपल्याचा वास दुकानभर पसरला.

सौंदरवल्ली दुपारी आल्या तेव्हा अण्णांनी आतली डिस्क सोडवून एका जुन्या यंत्रात घालून ठेवली होती. "तुमची कागदपत्रं सगळी शाबूत आहेत. तोवर हे वापरा," ते म्हणाले. "बोर्ड बिघडला. आमच्याकडे एक मुलगी कामाला आहे. तिच्या हातून झालं."

वाक्य तोंडातून गेलं. ते परत कसं घेणार?

पूंगोडी कामावर आली त्या सकाळी डोक्यात गावची अबोली होती आणि पिशवीत अण्णांसाठी अदिरसम, म्हणजे तिकडचे गुळाचे अनारसे. फळीमागे बसून दिवा लावते न लावते तोच सौंदरवल्ली थेट आत आल्या.

"तूच का ती? अगं, येत नसेल तर हात कशाला घालायचा? लोकांच्या पोटावर पाय येतो गं! ह्या उसन्या डबड्यावर माझी बोटं मोडायची वेळ आलीये!"

पूंगोडीला आधी काही कळेना. मग टेबलावरचा तो बोर्ड दिसला. तिने त्यावर भिंग धरलं. करपलेला डाग, थरथरत गेलेली ओरखड्याची रेघ. अक्षरावरून माणूस ओळखावा तसा तिने हात ओळखला. तिने मान वर केली. अण्णा दारात उभे होते आणि चार्जरच्या ढिगाकडे बघत होते.

एकच वाक्य पुरलं असतं: बाई, मी गावाला होते. ते ओठांपर्यंत आलंही. पण कारखान्यात पट्ट्यावर माल बिघडला की साहेब नाव शोधत यायचा, आणि सगळ्या मुली मान खाली घालून आपलं नाव निघू नये म्हणून देव आठवायच्या, हे तिला आठवलं. दुसऱ्याचं नाव आपल्या तोंडून निघावं, असं तिला तेव्हाही वाटायचं नाही. सौंदरवल्ली बोलून बोलून दमल्या आणि गेल्या.

मग ती म्हणाली, "अण्णा, मी गावाला होते."

"ठाऊक आहे."

ती थांबली. ते आणखी काही म्हणतील म्हणून बराच वेळ थांबली. खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडीवरून जुने प्रिंटर ओढत नेत होतं, त्याचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. शेवटी तिने आपला चिमटा रुमालात गुंडाळला, अदिरसमची पुडी टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

एळुमलै भडकला. "तुझ्यावर खापर फोडलं आणि तू ऐकून घेतलंस? मी जातो आणि विचारतो त्यांना!"

"काही जायला नको. त्यांचे हात गेलेत हो."

"हात गेले म्हणून जीभही गेली का?"

तिला रडू आलं ते तेव्हा.

त्याच रस्त्यावर तळमजल्यावरच्या एका मोठ्या दुकानात तिला लगेच काम मिळालं. तिथे सगळं झटपट. ओळीने टेबलं. कुणी फक्त कीबोर्ड बदलायचं, कुणी फक्त बॅटरी. पूंगोडीच्या वाट्याला पडदे आले. जुना काढायचा, नवा लावायचा, पुढचा घ्यायचा. पगार बरा होता आणि डोक्याला त्रास नव्हता. पण चार-सहा दिवसांतच एक यंत्र तिच्यापुढे आलं. त्याचा पडदा झाकण अर्धं उघडलं की लागायचा आणि पूर्ण उघडलं की जायचा.

"दादा, पडदा चांगला आहे याचा," ती मालकाला म्हणाली. "बिजागरीपाशी वायर चेपलीये. वायर बदलली की झालं."

मालक माणूस वाईट नव्हता. हसून म्हणाला, "असेलही. पण एकेकाचं शोधत बसलो तर दिवसाला किती निघतील? तुझ्याकडे पडदे आहेत ना? पडदा बदल, वायर नवीच येते त्याच्याबरोबर."

तिने बदलला. यंत्र चालूही झालं. पण चांगला पडदा भंगारात टाकताना तिचा हात अडखळला. त्या दिवशी डबा खाताना तिला कळलं की इतके दिवस आपल्याला काय होतंय. आपण पुन्हा तो डावा कोपरा बघतोय. फरक इतकाच की आता आपल्याला माहीत आहे, कोपऱ्यापलीकडेही काहीतरी असतं.

दोन-तीन आठवड्यांनी सौंदरवल्ली शोधत शोधत त्या दुकानात आल्या. हातात मोगऱ्याचा गजरा. आल्या आल्या त्यांनी पूंगोडीला बाहेर बोलावलं.

"काय गं, त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?"

पूंगोडीने हात पदराला पुसले.

"सहायम आला होता माझ्याकडे. कोर्टाबाहेर, भर गर्दीत. म्हटलं, आता काय आणखी बिघडवलंत? तर समोरच्या स्टुलावर बसला आणि दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. माझ्या टेबलावरची पेनं वाजायला लागली गं, त्या थरथरीने. म्हणाला, 'त्या दिवशी हे हात होते. ती पोर गावात नव्हती. वर्षभरापासून जे काम माझं म्हणून तुम्ही नेताय, ते सगळं तिचं.' वकील ऐकत होते, अशील ऐकत होते. मी एवढी बोलते, पण मला त्याला बसा म्हणायलाही सुचलं नाही. तो बसलेलाच होता." त्यांनी गजरा तिच्या हातात कोंबला. "हा घे. माफी वगैरे मला जमत नाही."

पूंगोडी लगेच उठून अण्णांकडे गेली नाही. दोन दिवस विचार केला. एळुमलै म्हणाला, "जायचं तर जा. पण फळीमागे जाणार असशील तर नको."

ती गेली तेव्हा सहायम अण्णा स्टुलावर नुसते बसून होते. तिला बघून उठले.

"अण्णा, तुम्ही सगळ्या दुनियेला सांगितलंत. मला नाही सांगितलंत."

अण्णांची मान खाली गेली. "तुला तोंड दाखवणं जास्त कठीण होतं, पोरी," ते म्हणाले. "चुकलं माझं. भ्यायलो मी. हात गेले हे कळलं तर लोक म्हणतील सहायम संपला, या भीतीने तुला पुढे केलं."

हे ऐकायचं म्हणूनच तर ती आली होती. पण ऐकल्यावर तिला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही; एका म्हाताऱ्या माणसाला आपल्यापुढे मान घालून उभं केलं, एवढंच वाटलं. ती पटकन म्हणाली, "बसा आधी. स्क्रूड्रायव्हर कुठे आहे मोठा?"

"कशाला?"

"फळी काढायचीये."

फळी काढायला दोघांना तास लागला. म्हणजे काढली तिनेच. अण्णा कुठला स्क्रू गंजलाय ते सांगत होते. टेबल पुढे आलं, खिडकीपाशी. मग तिने सौंदरवल्लींचा तो करपलेला बोर्ड मागितला.

"तो मेलाय गं."

"बघू तरी. तुम्हीच म्हणता ना, आधी विचार."

दुपारभर दोघं त्याच्यावर वाकून होती. सोलून निघालेल्या रेषा कुठून कुठे जात होत्या, हे अण्णांनी तसल्याच दुसऱ्या बोर्डावरून आणि निम्मं आठवणीतून काढलं. केसासारख्या तांब्याच्या तारा घेऊन तिने एकेक रेष जोडली. एका जागी दोघांचं पटेना. अण्णा म्हणाले, ही तार इकडे. ती म्हणाली, नाही, तिकडे. मीटर लावून बघितलं तर अण्णांचं बरोबर निघालं. पुढच्या जागी तिचं. शेवटी चार्जर लावला. काहीच झालं नाही. पुन्हा सगळं तपासलं, एक डाग कच्चा सापडला; तिचाच होता. तो पक्का केल्यावर कोपऱ्यातला दिवा लागला आणि पंखा घरघरला.

सौंदरवल्ली यंत्र घेऊन गेल्या आणि तासाभरात परत आल्या. "डावीकडचं भोक मेलंय. पेनड्राइव्ह घेत नाही."

"ते नाही जमलं, अम्मा," पूंगोडी म्हणाली. "त्याची रेष मुळापासून गेलीये. उजवीकडचं वापरा."

"असू दे," सौंदरवल्ली म्हणाल्या. "मलाही डाव्या कानाने कमीच ऐकू येतं."

खिडकीपाशी बाई काम करताना दिसायला लागली, तेव्हा काही गिऱ्हाइकं कचरली. दोन-चार तर दारातूनच परत गेली. घासाघीस करणारे तेवढेच राहिले, ना कमी ना जास्त. अण्णा पुढच्या खुर्चीत बसून येणाऱ्याची चौकशी करत, आणि मध्येच मागे वळून म्हणत, "काय वाटतं तुला?" कधीकधी दोघांचं असं जुंपायचं की गिऱ्हाईक बिचारं म्हणे, मी उद्या येतो.

आणखी चार वर्षं अण्णा येत होते. मग जिना चढवेना, पेलाही उचलवेना. मुलगी येऊन त्यांना तूत्तुकुडीला घेऊन गेली. दुकान आता पूंगोडी चालवते. कारखान्यातली तिची एक मैत्रीण, अंजलै, तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. एळुमलै टँकर वळवून अधूनमधून डोकावतो आणि उगाच विचारतो, "मालकीणबाई, पाणी हवंय का?"

अण्णांचा फोन एक-दोन दिवसांआड येतो. मुलगी त्यांच्या कानाशी फोन धरते. तब्येतीचं विचारलं तर त्यांना राग येतो. "ते राहू दे. आज काय आलं?"

परवा पूंगोडीने सांगितलं, "एक नवं आलंय, अण्णा. पातळ, वहीएवढं. चार्जर लावला की चालतं, काढला की बंद."

"बॅटरी गेली."

"नाही अण्णा, बॅटरी चांगली आहे. दुसऱ्या यंत्रात लावून बघितली."

"मग चार्जिंगची चिप."

"तिथेपण वीज येतेय."

फोनमागे कुठेतरी समुद्राची गाज होती, की पंखा, कोण जाणे.

"मग बॅटरीची वायर. जिथे खोचतात तिथे."

"चुकलं," पूंगोडी म्हणाली. तिला हसू येत होतं.

"चुकलं?" म्हाताऱ्याच्या आवाजात एकदम जीव आला. "मग काय होतं? थांब, थांब, एकदम सांगू नकोस. गिऱ्हाईक काय म्हणालं होतं, तिथपासून सांग."

तिने अंजलैला दार लोटून घ्यायला सांगितलं, स्टूल पुढे ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.